युक्रेनमधला भ्रष्टाचार आणि परदेशी मदत: हात आखडावा की पहारा वाढवावा?

तळटीप (धागाकर्ती)

नोव्हेंबर २०२५ मध्ये युक्रेनमधलं 'मिडास' प्रकरण बाहेर आलं, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. इथे अर्थकारण, लेखापरीक्षण, युद्धाचा इतिहास अशा विषयांतली जाणकार मंडळी आहेत, म्हणून विचारते.

ज्यांनी बातम्या वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. एनर्गोआटोम ही युक्रेनची सरकारी अणुऊर्जा कंपनी. देशातली निम्म्याहून जास्त वीज तिच्याकडून येते. तिच्या कंत्राटदारांकडून १० ते १५ टक्के कमिशन उकळलं जात होतं आणि या वाटेने सुमारे १० कोटी डॉलर फिरवले गेले, असा तिथल्या राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी ब्यूरोचा म्हणजे 'नाबू'चा आरोप आहे. १५ महिने तपास चालला, हजारेक तासांचं संभाषण टेप झालं. मुख्य संशयित तिमूर मिंडिच हा राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींच्या जुन्या 'क्वार्ताल ९५' या विनोदी कार्यक्रमांच्या स्टुडिओचा सहमालक. पोलीस दारात येण्याआधीच तो देशाबाहेर गेला होता. न्यायमंत्री आणि ऊर्जामंत्री या दोघांनाही पद सोडावं लागलं. २८ नोव्हेंबरला झेलेन्स्कींचा उजवा हात समजले जाणारे आंद्री येरमाक यांच्या घराची झडती झाली आणि त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. न्यायालयात अजून काही सिद्ध झालेलं नाही, हे लक्षात ठेवूनच बोलूया.

मला संताप आला तो वेळेचा. रशियाचे ड्रोन आणि क्षेपणास्त्रं वीज उपकेंद्रांवर पडत होती, कीव्हमध्ये तासन् तास अंधार होता, आणि ज्या कामांवरून कमिशनचे आरोप झाले त्यांत वीजयंत्रणेभोवती संरक्षक बांधकामं उभारण्याची कामंही होती.

मी जर्मनीत राहते, इथे कर भरते. त्यातला काही भाग युक्रेनला जातो आणि तो जावा असंच मला वाटतं. पण "आपण का द्यायचं?" हा प्रश्न आता माझ्या आसपासचे समंजस लोकही विचारायला लागलेत. तर तुमचं मत काय? मदत चालू ठेवावी, थांबवावी, की अटी घालाव्यात? अटी घालायच्या तर कोणत्या? डोक्यावर बॉम्ब पडत असताना माणसाला अटी घालणं बरोबर आहे का?

रानवाट

थांबवावी. निदान रोख पैसा तरी.

अमेरिकेने अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीवर सुमारे १४५ अब्ज डॉलर ओतले. लक्ष ठेवायला २००८ मध्ये 'सिगार' नावाचं खास महानिरीक्षक कार्यालय काढलं. त्यांनी अहवालांवर अहवाल दिले. कागदावर सैनिक, चौकीत कोणी नाही, पगार मात्र दर महिन्याला उचललेला. २०१० मध्ये काबूल बँक बुडाली, कारण ठेवीदारांचा पैसा मालकांनी आणि त्यांच्या सग्यासोयऱ्यांनी कर्ज म्हणून आपसांत वाटून घेतला होता. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं तेव्हा कागदोपत्री सैन्य तीन लाखांचं होतं. इराकमध्येही तेच. मोसूल हातचं गेल्यावर २०१४ मध्ये पंतप्रधान अबादींनी संसदेत सांगितलं की ५० हजार सैनिक फक्त पगारपत्रकावर आहेत.

अहवाल लिहिणारे होते, वाचणारे होते, पैसा तरीही वाहत राहिला. पैसा अडला तरच वरची माणसं हलतात, बाकी सगळ्या बैठका.

पिंपळपान

रानवाट, तुलना मला अर्धीच पटली. काबूलचं सैन्य काही आठवड्यांत विरघळलं. युक्रेनचं सैन्य २४ फेब्रुवारी २०२२ ला होस्तोमेलच्या विमानतळावर रशियाच्या छत्रीधाऱ्यांना भिडलं आणि आजही लढतंय. नुसत्या पगारपत्रकावरच्या सैन्याला हे जमत नाही. चोरी तिथेही आहे, पण सगळं पोखरलेलं असतं तर हा धागा काढायची वेळच आली नसती.

कौलारू

माझा प्रश्न बाळबोध वाटेल. 'मदत' म्हणतात ती नक्की जाते कशी? कीव्हच्या एखाद्या खात्यात पैसे जमा होतात आणि मग मंत्री ते खर्च करतात, असं असतं का?

कोरा_कागद

कौलारू, बाळबोध अजिबात नाही. निम्मी भांडणं याच ठिकाणी सुरू होतात. माझं कामच लेखापरीक्षणाचं आहे, देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांचे हिशेब तपासायचं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या लष्करी मदतीतला मोठा भाग रोख नव्हताच. एक तर त्यांच्या कोठारातली शस्त्रं गेली आणि ती कोठारं पुन्हा भरायचे पैसे अमेरिकेतल्याच कारखान्यांना मिळाले, किंवा नवी शस्त्रं तिथल्याच कंपन्यांकडून घेतली गेली. ते डॉलर कीव्हला पोचतच नाहीत.

दुसरा भाग सरकार चालवायला दिलेला पैसा. जागतिक बँकेचा 'पीस' नावाचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. युक्रेन सरकारने शिक्षक, अग्निशमन जवान, सरकारी कर्मचारी यांचे पगार आणि निवृत्तिवेतन आधी स्वतः द्यायचं, त्याच्या याद्या सादर करायच्या, त्या तपासून झाल्या की तेवढी रक्कम बँक भरून देते. सैनिकांचे पगार यातून देता येत नाहीत. युक्रेन स्वतःच्या करांतून आणि देशातल्या कर्जरोख्यांतून फौज पोसतो, आणि बाहेरच्या पैशातून शाळा-दवाखाने चालवतो. आता कोणी म्हणेल, पैसा शेवटी एकाच तिजोरीत मिसळतो. बरोबर आहे. पण पगार थेट शिक्षिकेच्या बँक खात्यात जातो, मध्ये कोणाच्या हाताला लागत नाही. हा फरक जमिनीवर फार मोठा असतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अफगाणिस्तानातलंच आहे, रानवाट. २००९ च्या सुमारास वर्दक प्रांतातल्या काही पोलिसांना रोख पगाराऐवजी मोबाइलवरून पगार द्यायचा प्रयोग झाला. पोलिसांना वाटलं, पगारवाढ झाली! कारण तोवर वरचे अधिकारी जवळजवळ तीस टक्के खिशात घालून उरलेलं हातावर ठेवत होते, आणि खरा पगार किती हे त्या बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं.

तिसरी गोष्ट या धाग्याच्या विषयाची, वीजयंत्रणा. त्यासाठी 'युक्रेन एनर्जी सपोर्ट फंड' आहे आणि तो कीव्हमध्ये नाही, व्हिएन्नातल्या एनर्जी कम्युनिटीच्या (युरोपियन युनियन आणि शेजारी देशांची ऊर्जा संघटना) सचिवालयाकडे आहे. कुठल्या कंपनीला कुठला ट्रान्सफॉर्मर हवा ती मागणी तपासली जाते आणि पैसे थेट पुरवठादाराला जातात. मिडासमधला पैशाचा रस्ता वेगळा होता, तो एनर्गोआटोमच्या स्वतःच्या कंत्राटांमधून जात होता. बातमी वाचताना हे दोन पैसे एकत्र झाले की "आमची मदत खाल्ली" असं वाटतं.

रानवाट

कोरा_कागद, माहितीबद्दल आभार, वर्दकचं उदाहरण मला माहीत नव्हतं. पण ज्या कंपनीची यंत्रणा आपण दुरुस्त करतोय त्याच कंपनीच्या कंत्राटांत १५ टक्के उडत असतील, तर आपण दुरुस्तीचा खर्च उचलल्यामुळेच त्यांना ते उडवायला मोकळीक मिळाली, हे तुम्ही हिशेबनीस म्हणून नाकारू शकत नाही.

कोरा_कागद

नाकारत नाहीच. म्हणून तर नाबूची गरज आहे. लेखापरीक्षकाला पावती दिसते, त्या पावतीमागे कोणी कोणाला दम दिला ते दिसत नाही. ते ऐकायला टेप लागतात, आणि टेप लावायचा अधिकार असलेला स्वतंत्र माणूस लागतो.

सांजवारा

कमिशन उकळणं इतकं सोपं का होतं, ते कोणी लिहिलं नाही. मार्शल लॉ लागू झाल्यावर एनर्गोआटोमकडून थकबाकी कोर्टामार्फत वसूल करायला बंदी आली. हेतू चांगला होता, युद्धात वीज कंपनीची खाती गोठू नयेत. पण कंत्राटदाराच्या दृष्टीने बघा. काम पूर्ण, बिल अडकलेलं, कोर्टाचं दार बंद. अशा वेळी कोणी येऊन म्हणतो, "इतके टक्के दे, बिल सुटेल, नाहीतर पुरवठादारांच्या यादीतूनही जाशील." माणूस देतो. तपासात या पद्धतीला 'श्लागबाउम' म्हटलं गेलंय, म्हणजे रस्त्यावरचा आडवा दांडा.

तसाच २०२३ मधला अंड्यांचा किस्सा. जानेवारीत पत्रकार युरी निकोलोव्ह यांनी संरक्षण मंत्रालयाचं जेवणाचं कंत्राट छापलं. एकूण १३ अब्ज रिव्नियांहून (युक्रेनचं चलन) मोठं. त्यात एक अंडं १७ रिव्नियांना, जेव्हा कीव्हच्या दुकानात ते ७ च्या आसपास मिळत होतं. मंत्री रेझ्निकोव्ह म्हणाले, ही तांत्रिक चूक आहे. पण मूळ रोग कंत्राटाच्या रचनेत होता. शेकडो पदार्थांची एक यादी, आणि पुरवठादाराने बोली लावायची ती सगळ्या यादीवर मिळून. मग तो काय करणार? ज्या वस्तू छावणीत क्वचित मागवल्या जातात त्या कवडीमोलाने दाखवायच्या, आणि बटाटे, अंडी, कोबी असं रोज लागणारं महाग लावायचं. बेरीज स्वस्त दिसते, कंत्राट मिळतं, आणि प्रत्यक्षात मागवलं जातं तेच सगळं महागडं.

यावर काय झालं बघा. उपमंत्री शापोवालोव्ह गेले. युद्धकाळातल्या खरेदीतही अशा वस्तूंच्या किमती जाहीर करायचा कायदा आला. अन्न-कपडे-इंधन यांसाठी वेगळी खरेदी संस्था उभी राहिली. सप्टेंबरात रेझ्निकोव्हही गेले. एका पत्रकाराच्या लेखाने इतकं हललं, तेही युद्धाच्या ऐन मध्यावर.

चिंचबन

सोन्याचं अंडं देणाऱ्या कोंबडीची गोष्ट खरी निघाली म्हणायची! तिचा पत्ता संरक्षण मंत्रालय, कीव्ह.

पिंपळपान

चिंचबन :) हसायला आलं. पण ती अंडी खंदकातल्या पोरांच्या ताटातली होती, हे आठवलं की हसू टिकत नाही.

दूरचा_किनारा

इथे सगळे अंडी आणि वीज यांवर बोलताय, मला शस्त्रांची काळजी आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंटॅगॉनच्याच महानिरीक्षकांनी सांगितलं की एक अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या शस्त्रांचा हिशेब लागत नाही. ती उद्या कुणाच्या हातात पडतील?

कोरा_कागद

दूरचा_किनारा, तो अहवाल नीट वाचायला हवा. ज्या शस्त्रांवर जास्त कडक नजर ठेवायची असा नियम आहे, म्हणजे खांद्यावरून डागायची जॅव्हलिन आणि स्टिंगर, रात्री बघायच्या दुर्बिणी वगैरे, त्यांची एकूण किंमत सुमारे १.६९ अब्ज डॉलर. त्यातल्या साधारण ५९ टक्क्यांची नोंद वेळेत झालेली नव्हती. शस्त्रं चोरीला गेली का, हे तपासणं त्या अहवालाच्या कक्षेतच नव्हतं, आणि तसं त्यात लिहिलंय.

नोंद करायची कशी? प्रत्येक नगाचा क्रमांक हातातल्या स्कॅनरने वाचायचा. अमेरिकी अधिकारी आघाडीवर जाऊ शकत नाहीत, म्हणून ते स्कॅनर युक्रेनी सैनिकांना दिले. खंदकात, मागून गोळीबार चालू असताना नळीवरचा चिखल पुसून बारकोड वाचणाऱ्या पोराकडून तुम्ही शांततेच्या काळातल्या गोदामासारखी नोंद मागता. नोंद राहते. म्हणून नोंद नको असं मी कधीच म्हणणार नाही. पण 'नोंद नाही' आणि 'चोरीला गेलं' यांत महदंतर आहे.

दूरचा_किनारा

मान्य. पण दारूगोळ्यात तर सरळ चोरी झाली ना? मॉर्टरच्या, म्हणजे उखळी तोफेच्या, एक लाख गोळ्यांचं प्रकरण?

सांजवारा

हो, तो आरोप फार गंभीर आहे. सुमारे ४ कोटी डॉलर. २०२२ च्या ऑगस्टमधला करार, पैसे आगाऊ दिले, गोळे आलेच नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये तो उघड केला युक्रेनच्याच गुप्तचर यंत्रणेने, संरक्षण मंत्रालयाशी मिळून. आणि नोव्हेंबर २०२४ मधलं आणखी वाईट. देशातच बनलेले १२० मिलिमीटरचे सदोष गोळे हजारोंनी आघाडीवरून परत मागवावे लागले. गोळा नळीत सोडला तर फुटतच नाही, किंवा निम्म्या वाटेत पडतो. शत्रू समोर असताना हे होतं. अशा कारखानदाराला मी तरी चोर म्हणून सोडून देणार नाही, तो त्याहून मोठा गुन्हेगार आहे.

जुना_नकाशा

थोडं अवांतर. युद्ध म्हटलं की नफेखोर येतातच, आणि युद्ध चालू असताना त्यांना पकडताही येतं, याचा एक दाखला आहे. मार्च १९४१ मध्ये अमेरिकी सिनेटने मिसूरीच्या एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या सिनेटरच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हॅरी ट्रूमन. लष्करी छावण्यांच्या बांधकामातली उधळपट्टी, पोलादाच्या पत्र्यांच्या चाचण्यांचे बनावट आकडे, विमानांच्या इंजिनांची खोटी तपासणी, सगळं या समितीने उघड्यावर आणलं. तेव्हाही कुजबुज होतीच, की युद्धात असं चव्हाट्यावर बोललात तर शत्रूला आनंद होईल. समिती थांबली नाही, युद्धही थांबलं नाही, आणि याच कामामुळे नाव झालेला हा माणूस १९४४ मध्ये उपाध्यक्षपदाचा उमेदवार झाला.

अजून एक. ब्रिटनने १९४६ मध्ये अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फेडला. युक्रेनला मिळणारा बराच पैसाही कर्ज आहे. युरोपियन युनियनच्या ५० अब्ज युरोंच्या 'युक्रेन फॅसिलिटी'त ३३ अब्ज कर्जच आहे. म्हणजे आज जे चोरलं जातंय ते युक्रेनच्या नातवंडांना फेडायचंय. सगळ्यात जास्त चिडायचा हक्क तिथल्याच लोकांचा आहे.

वाटसरू_पूर्वेचा

सरकारी मदतीबद्दल मला फारसं कळत नाही. मी पोलंडमध्ये झेशुफजवळ राहतो. आमचा एक छोटा गट आहे, आम्ही रक्त थांबवायचे पट्टे, जनरेटर, औषधं पाठवतो. छोट्या प्रमाणावर हाच प्रश्न आमच्याही वाट्याला आला, म्हणून लिहितो.

सुरुवातीला सामान पोचलं की पलीकडचे फोटो पाठवायचे, आम्ही खूश. मग एकदा लक्षात आलं की एकाच जनरेटरचा क्रमांक दोन वेगवेगळ्या पोचपावत्यांवर आहे. ज्या गटाकडून हे झालं त्याचं नाव घेत नाही. आमच्यात मोठं भांडण झालं. निम्मे म्हणाले, बस झालं, बंद करू. ज्या दवाखान्याचं नाव पावतीवर होतं तिथल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मला जनरेटर मिळालेलाच नाही, पण मला तो हवाय. तुम्ही बंद केलंत तर शिक्षा मला होईल, त्याला नाही."

त्यानंतर पद्धत बदलली. मधला गट काढला. आता जनरेटरवरचा क्रमांक, दवाखान्याचा शिक्का आणि घेणाऱ्याची सही एकाच फोटोत लागते, आणि महिन्याभराने आमच्यातलाच कोणीतरी फोन करून विचारतो, चालतोय का, तेल किती पितो. चालू नसेल तर लगेच कळतं. चोरी करणाऱ्याला तेलाचा प्रश्न अडचणीचा असतो.

तळटीप

वाटसरू, डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य वाचून थांबले. मला जे विचारायचं होतं ते त्यांनी एका ओळीत सांगितलं.

रानवाट

वाटसरू, तुमच्या कामाला मनापासून नमस्कार. पण तुम्ही मधला गट काढू शकलात. युरोप युक्रेनचं सरकार काढू शकत नाही. तिथे मधला गट म्हणजेच सरकार आहे.

लिंबोणी

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण जुलै २०२५ कोणाच्याच प्रतिसादात आला नाही याचं आश्चर्य वाटतंय.

२२ जुलैला युक्रेनच्या संसदेने एक कायदा झटपट मंजूर केला. नाबू आणि तिच्यासोबत खटले चालवणारं 'सापो' हे विशेष अभियोक्ता कार्यालय, दोन्ही महाअभियोक्त्याच्या हाताखाली आणणारा. महाअभियोक्ता राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतला. झेलेन्स्कींनी त्याच दिवशी सही केली. कारण दिलं रशियन हस्तक्षेपाचं. त्याच संध्याकाळी कीव्हमध्ये, ल्विव्हमध्ये, ओदेसात, द्नीप्रोत माणसं पुठ्ठ्यांवर हाताने घोषणा लिहून रस्त्यावर आली. बहुतेक तरुण मुलंमुली, त्यांत रजेवर आलेले सैनिक, काही जखमी होऊन घरी आलेले. युद्ध सुरू झाल्यापासूनचं सरकारविरोधी असं पहिलंच मोठं आंदोलन. ब्रसेल्समधून, म्हणजे युरोपियन युनियनकडूनही दम आला. ३१ जुलैला त्याच संसदेने दोन्ही संस्थांचं स्वातंत्र्य परत दिलं, ३३१ विरुद्ध ०.

आता तारखा जुळवा. मिडासचा तपास तेव्हा जवळजवळ वर्षभर आधीच सुरू झालेला होता. तो कायदा टिकला असता तर नोव्हेंबरात आपल्याला काही कळलंच नसतं, आणि हा धागाही निघाला नसता. आपण सगळे निवांत असतो, की युक्रेनमध्ये हल्ली भ्रष्टाचार दिसत नाही.

म्हणून मला "इतकी प्रकरणं बाहेर येतायत म्हणजे देश सडलाय" हा निष्कर्ष पटत नाही. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार निर्देशांकात (० म्हणजे सगळ्यात भ्रष्ट, १०० म्हणजे स्वच्छ) युक्रेन २०१३ मध्ये २५ गुणांवर होता, २०२४ मध्ये ३५ वर. फार चांगला नाही, पण रशिया त्याच वर्षी २२ वर होता, आणि तिथल्या संरक्षण खात्यातलं कंत्राट छापणारा पत्रकार तुरुंगाबाहेर राहू शकत नाही. मदत घेणाऱ्या देशात चोर किती, हे विचारण्याआधी चोराला धरणारा कोणाच्या हाताखाली आहे हे विचारायला हवं. माझ्या मते मदतीला अट एकच कडक असावी: या संस्थांना हात लागला की पैसा त्या दिवशी थांबेल.

पिंपळपान

लिंबोणीताई, संपूर्ण सहमत. यात एक भर. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा युक्रेनमधल्या कितीतरी स्वतंत्र वृत्तसंस्थांचं आणि खरेदीवर लक्ष ठेवणाऱ्या गटांचं अनुदान एका रात्रीत बंद पडलं. त्याच महिन्यात अमेरिकेने स्वतःचे डझनाहून जास्त महानिरीक्षक काढून टाकले. त्यांत पेंटॅगॉनचे महानिरीक्षक रॉबर्ट स्टॉर्चही होते, म्हणजे दूरचा_किनाऱ्याने सांगितलेला तो अहवाल ज्यांच्या कार्यालयाने काढला तेच. भ्रष्टाचाराच्या नावाने मदत थांबवताना आधी पहारेकऱ्यांनाच घरी पाठवलं, याचं मला अतिशय वाईट वाटतं.

रानवाट

लिंबोणी, आंदोलनाबद्दल आदर आहे. ती मुलं माझ्यापेक्षा धीट आहेत. पण पकडणं आणि शिक्षा होणं वेगळं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष क्न्याझिएव्ह यांना २७ लाख डॉलरच्या लाचेच्या आरोपावरून अटक झाली, सोफ्यावर डॉलरच्या थप्प्या मांडलेला फोटो जगभर गेला. पुढच्या जानेवारीत ते जामिनावर बाहेर. ऑगस्ट २०२३ मध्ये सैन्यभरती कार्यालयांचे सगळे प्रांतीय प्रमुख एका फटक्यात काढले, त्यातल्या किती जणांना शिक्षा झाली? मोठा मासा गळाला लागतो आणि कोर्टात सुटतो. मग लोकांनी किती वेळा पुठ्ठे घेऊन रस्त्यावर यायचं?

लिंबोणी

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर न्यायाधीशांच्या संख्येत आहे. २०१९ मध्ये भ्रष्टाचारासाठी वेगळं उच्च न्यायालय सुरू झालं. खटल्यांचा ढीग, न्यायाधीश अपुरे. तारीख पडत राहते, आरोपीचा वकील वेळ काढत राहतो. त्याचे न्यायाधीश निवडताना परदेशी तज्ज्ञांच्या समितीला नकाराधिकार दिला होता, म्हणून निवड स्वच्छ झाली, पण पुढच्या भरतीचं घोंगडं भिजत पडलं.

कोरा_कागद

आणि इथेच तळटीपच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्षात आधीच दिलं गेलंय. युक्रेन फॅसिलिटीचा पैसा हप्त्याने मिळतो, प्रत्येक हप्त्याला ठरलेल्या सुधारणा बांधलेल्या असतात. २०२५ च्या उन्हाळ्यातल्या हप्त्यासाठी १६ सुधारणा होत्या. १३ झाल्या, ३ राहिल्या. राहिलेल्यांपैकी एक म्हणजे याच न्यायालयातल्या न्यायाधीशांची निवड. युरोपियन आयोगाने काय केलं? सगळं थांबवलं नाही आणि डोळेझाकही केली नाही. साडेचार अब्ज युरोंतून राहिलेल्या तीन कामांच्या वाट्याचे सुमारे दीड अब्ज कापून ठेवले. काम करा, घेऊन जा.

मला हीच पद्धत योग्य वाटते. शिक्षिकेचा पगार अडत नाही, पण अर्थमंत्र्याला रोज आठवण राहते की अमुक न्यायाधीश नेमले नाहीत म्हणून एवढी रक्कम अडलीय. सगळं किंवा काहीच नाही अशी धमकी दिली की ती कोणी खरी मानत नाही, कारण युद्धात सगळं थांबवणं देणाऱ्यालाही परवडत नसतं हे घेणारा जाणतो.

कौलारू

मग हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्रांनाही अशीच कात्री लावायची का? न्यायाधीश नेमले नाहीत म्हणून पॅट्रियट कमी?

कोरा_कागद

नाही. पॅट्रियटचं क्षेपणास्त्र कोणी खिशात घालत नाही आणि ते नसलं तर मरतो तो तिसऱ्या मजल्यावर झोपलेला माणूस. कात्री अर्थसंकल्पाला दिल्या जाणाऱ्या पैशालाच, आणि तीही आधी लिहून दिलेल्या कामांपुरती.

रानवाट

हे मला बरंचसं पटतं. "थांबवा" म्हणताना माझ्या मनात काबूल होतं, आणि तिथे अशी भागाभागाने कापायची पद्धत नव्हती. पण माझी एक मागणी राहतेच. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपने २०२६ आणि २०२७ साठी ९० अब्ज युरोंचं नवं कर्ज द्यायचं ठरवलं. त्या पैशाला नाबू-सापोच्या स्वातंत्र्याची अट करारात स्पष्ट शब्दांत हवी, नुसती भाषणात नको. आणि एनर्गोआटोमच्या कंत्राटदारांना कोर्टाचं दार पुन्हा उघडून द्यावं. सांजवाराने लिहिलंय तसं, तो दांडा त्या बंदीमुळेच आडवा पडला होता.

सांजवारा

दुसऱ्या मागणीला जोरदार अनुमोदन. खाती गोठवू नका, पण पूर्ण झालेल्या कामाचं बिल ठरावीक दिवसांत सुटलं नाही तर ते आपोआप सार्वजनिक यादीत दिसलं पाहिजे. युक्रेनकडे 'प्रोझोरो' ही सरकारी खरेदीची उत्तम ऑनलाइन यंत्रणा आहेच, कोणीही उघडून निविदा बघू शकतं. त्यात थकलेल्या बिलांचा एक रकाना वाढवा. अडवलेलं बिल सगळ्यांना दिसलं की ते सोडवायला पैसे मागणाऱ्याची पंचाईत होईल.

वाटसरू_पूर्वेचा

हे आमच्या तेलाच्या प्रश्नासारखंच झालं. उद्या सकाळी गाडी निघतेय, यादी करायची आहे. ज्यांना जुन्या पण चालू जनरेटरची माहिती असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तीन ते पाच किलोवॅटचे चालतील, डिझेलचे असतील तर जास्त बरं.